अंगठ्याचे काम

वडिलांच्या पश्चात गरवण्याचे सामान आमच्याकडे आले, त्यात एक जुने आडवे रीळ होते. (गरवणे म्हणजे गळ टाकून मासे धरणे, घाटावरच्या वाचकांसाठी सांगितले.) ह्या रिळास दोरी सरकवणारी कसलीही योजना नाही. एका हाताने मूठ फिरवावी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोरी ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत नेत-आणत राहावे. वडील हे बोलता बोलता, न पाहता करीत. आम्ही लक्ष देऊन करतो, तरी मधोमध उंचवटा येतोच. एका संध्याकाळी खाडीत जिताडा लागला असता तो उंचवटा चौकटीच्या दांडीस अडला. मूठ फिरेना. मासा गेला.

मग आम्ही ह्या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. अमेरिकेतील कलमाझू येथे विल्यम शेक्सपिअर ह्या गृहस्थांनी (नाटककार नव्हेत!) १८९७ साली कंपनी काढली आणि हे अंगठ्याचे काम यंत्राकडे सोपवणारी रिळे विकली. स्पूलपुढे एक दांडा, त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन मळसूत्री खाचा. टोकाशी एक खाच वळून दुसरीस मिळते. खाचेतली चिमुकली जीभ दोरीचे कडे घेऊन जाते, परत येते. मूठ मात्र एकाच दिशेने फिरत असते.

ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातील इलिंगवर्थ ह्यांनी १९०५ साली निराळाच विचार केला. त्यांचे स्पूल फिरत नाही, दोरीच त्याच्याभोवती फिरते. आजच्या अशा रिळांत थर सारखा बसावा म्हणून स्पूल पुढेमागे सरकते. स्वस्त रिळांत ते चाकावरच्या खुंटीने सरकते, आणि झोपाळा टोकाशी रेंगाळावा तसे दोन्ही टोकांशी रेंगाळते. दोरी कडांशी साचते. काही कारागीर खुंटीची खाच वळणदार करून हा दोष कमी करतात. महागड्यांत पुन्हा मळसूत्रच. तसे एक आम्ही घेतले. तक्रारीस जागा नाही. असो.

गेल्या पावसाळ्यात वडिलांचे रीळ उघडले. जुनी दोरी तळाशी ठेवून वर नवी जोडायची, ही काटकसर आमचीच. वरची सगळी ओढून काढली. गाठीखाली त्यांनी गुंडाळलेली निघाली: वेढ्याला वेढा लागलेला, कडेपासून कडेपर्यंत सपाट. नायलॉन उन्हाने कमजोर होते, तेव्हा तीही बदलायला हवी होती. आम्ही त्याच गाठीपाशी नवी दोरी बांधली आणि अंगठा ठेवून मूठ फिरवू लागलो. मधोमध उंचवटा आला.