खांबाचे नाव, खांबाचे खाते

व्यापारी घरात खातेवहीचे महत्त्व कोणास सांगावे लागत नाही. रक्कम कितीही बिनचूक लिहिली, तरी ती ज्याची त्याच्या खात्यावर पडली नाही, तर त्या बिनचूकपणाचा उपयोग शून्य. बँकेत आयुष्य घालविलेल्या मला हे नवे नव्हते. परंतु सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीलाही हाच नियम लागू पडतो, हे आपल्या समाजभवनाचे बांधकाम सुरू झाल्यावर उमगले.

बांधकाम समितीत हिशेबाचे काम माझ्याकडे होते. त्या निमित्ताने आरसीसी कन्सल्टंटांच्या कार्यालयात वरचेवर जाणे होई. तेथील एक तरुण अभियंता मुलगी संगणकावर भवनाची प्रतिकृती उभारीत असे. त्यासाठी ती वापरीत असलेली ‘इटॅब्स’ ही प्रणाली अमेरिकेतील ‘कॉम्प्युटर्स अँड स्ट्रक्चर्स’ या १९७५ साली स्थापन झालेल्या कंपनीची आहे. आपल्याकडील अनेक बहुमजली इमारतींचे गणित तिच्यावरच होते.

पडद्यावर कॉलम काढला की प्रणाली आपण होऊन त्यास ‘सी १’, ‘सी २’ अशी नावे देते. बीमला ‘बी १’, ‘बी २’. एकावर एक उभ्या असलेल्या सर्व मजल्यांवरील कॉलमचे नाव एकच राहते. त्यामुळे नुसते ‘सी ७’ म्हणून भागत नाही. ‘तिसरा मजला, सी ७’ असे म्हणावे लागते. याखेरीज प्रत्येक तुकड्यास पुन्हा कोठेही न येणारे एक स्वतंत्र नाव असते. आपल्या भवनात कॉलम २८ आणि मजले ५. म्हणजे नावे २८, पण तुकडे १४०. माझ्या भाषेत सांगायचे तर ‘सी ७’ हे ग्राहकाचे नाव, मजला ही शाखा आणि ते स्वतंत्र नाव म्हणजे खाते क्रमांक.

काँक्रीटच्या भिंतींची गोष्ट निराळी. भूकंपाचा आडवा धक्का पेलण्यासाठी लिफ्ट आणि जिन्याभोवती अशा भिंती घालतात. त्यांना ‘पिअर’ म्हणून नाव अभियंत्याने स्वतः द्यावे लागते. ते दिले नाही, तर भिंत प्रतिकृतीत उभी असते, पण तिच्यात किती सळई घालावी याचा हिशेब प्रणाली काढीत नाही. आणि एकाच मजल्यावरील दोन भिंतींना एकच नाव पडले, तर प्रणाली त्या दोहोंना मिळून एकच भिंत समजते.

आपल्या भवनाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. अंतिम तपासणीत त्या मुलीच्या ते ध्यानात आले. ती म्हणाली, “काका, इमारतीचे एकूण वजन पायाशी बरोबर जुळते आहे, तरीही हा हिशेब खोटा आहे.” लिफ्टची भिंत आणि जिन्याची भिंत, दोघींवर ‘पी १’ हेच नाव होते. दूर दूर उभ्या असलेल्या त्या दोन भिंती जणू एकसंध आहेत असे धरून सळई निघत होती, आणि ती गरजेपेक्षा कमी भरण्याचा धोका होता.

मला तेरजेची आठवण झाली. एकाच नावाच्या दोन खातेदारांपैकी एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडली, तरी तेरीज जुळते. बेरीज बरोबर असते. अन्याय मात्र दोन्ही खात्यांत दडलेला असतो. जिन्याच्या भिंतीस ‘पी २’ हे नाव मिळाले, दोन्ही हिशेब स्वतंत्र निघाले आणि लिफ्टच्या भिंतीतील सळई वाढली. वाढीव खर्चावर समितीत थोडी कुरकुर झाली. पण या भवनात पर्युषणात दररोज शेकडो श्रावक-श्राविका एकत्र येणार, हे कोणीतरी बोलून दाखविले आणि ठराव एकमताने संमत झाला.

पुढचा टप्पा संगणकाकडून नकाशाकडे जाण्याचा. प्रणालीची नावे बहुधा रेषा ज्या क्रमाने काढल्या त्या क्रमाने पडतात. नकाशावर मात्र क्रमांक डावीकडून उजवीकडे, वाचणाऱ्याच्या सोयीने देतात. उभ्या-आडव्या अक्षरेषांना एकीकडे अक्षरे व दुसरीकडे आकडे असतात. त्यांत एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा नको म्हणून इंग्रजी ‘आय’ व ‘ओ’ ही अक्षरे गाळण्याची रीत आहे. सळई बांधणारा कारागीर तक्त्यातील ‘सी ७’ पाहून काम करतो. संगणकातला ‘सी ७’ कोपऱ्यातला आणि नकाशातला मधला असेल, तर एकाची सळई दुसऱ्यात जाईल, आणि काँक्रीट ओतल्यावर ते कोणालाही दिसणार नाही. म्हणून त्या कार्यालयाने दोन्ही नावांचे ताळमेळ पत्रक तयार केले व लाइनआउटच्या वेळी प्रत्येक कॉलम त्यावरून पडताळला.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. एकच शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे हे स्पष्ट करण्याची ती शिस्त आहे. मुलाचे नाव ‘इंद्र’ ठेवले, हा नामनिक्षेप. मूर्तीत इंद्राची कल्पना केली, ही स्थापना. पुढे राजा होणाऱ्या राजपुत्रास आजच राजा म्हटले, हे द्रव्य. प्रत्यक्ष राज्य करणारा तो भाव. त्याच रीतीने कागदावरील ‘सी ७’ हे नाम, पडद्यावरील रेषा ही स्थापना, आवारात पडलेली सळई व सिमेंट हे द्रव्य आणि भार वाहत उभा असलेला खांब हा भाव. चौघांचा संबंध तुटू न देणे, हेच त्या नावाचे काम.

इमारत उभी राहिल्यावरही हे काम संपत नाही. आपल्यापैकी अनेकांची दुकाने तळमजल्यावर आहेत. शोरूम मोठे करावे, शटर रुंद करावे, म्हणून भिंत फोडण्याचा विचार केव्हा ना केव्हा येतोच. ती भिंत निव्वळ आडोशाची आहे की वरचे मजले पेलणारी, हे प्लास्टरवरून ओळखता येत नाही. नकाशावरील नावावरून ओळखता येते. यासाठी इमारतीचा ताबा घेताना आरसीसी नकाशांचा पूर्ण संच, कॉलमचा तक्ता आणि ताळमेळ पत्रक मागून घ्यावे. खरेदीखत ज्या कपाटात असते, त्याच कपाटात ते ठेवावे आणि विश्वस्त बदलतील तेव्हा दप्तराच्या यादीत त्याची नोंद करून नव्या विश्वस्तांची सही घ्यावी. आपल्या भवनाचा संच कार्यालयातील कपाटात ठेवला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा.

जय जिनेंद्र.