मोठेबाबांचं मिग आणि चीनचं मिग

यंदाच्या दिवाळीला आम्ही सगळे मोहगावला जमलो होतो. त्याच्या दोन-तीन दिवस आधी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए विमान उडाल्याची बातमी टीव्हीवर आली होती. आमच्या घरात ही बातमी जरा जास्तच कान देऊन ऐकली गेली, कारण माझे मोठेबाबा ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये फिटर होते. आयटीआय करून १९७४ साली मोहगावहून गेले, ते अडतीस वर्षांनी निवृत्त होऊनच परतले. आता संत्र्याची बाग बघतात. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला, तो कार्यक्रम त्यांनी एकट्याने बसून पाहिला आणि नंतर दिवसभर कोणाशी फारसे बोलले नाहीत, असं मोठी आई सांगत होती.

फराळाच्या वेळी माझ्या भाच्याने मोबाईलवर दोन फोटो काढून त्यांच्यासमोर धरले. तो अकरावीत आहे, नागपूरला शिकतो.

"आबाजी, ओळखा. एक आपलं सुखोई, एक चीनचं जे-१६. सगळी रशियाची कॉपी! चिन्यांना स्वतःचं काही येतच नाही."

मोठेबाबांनी चष्मा लावला. "हे आपलं," त्यांनी बोट ठेवलं. "कॉकपिटच्या बाजूले दोन लहान पंख हायेत, पाह्य. त्या दुसऱ्याले नाहीत." मग मोबाईल परत देत म्हणाले, "अन् कॉपी म्हणून हसू नको. आम्ही बी जिंदगीभर रशियाचंच विमान बनवलं. फक्त आमच्याजवळ रशियानं देलेले कागद होते."

घरात एकदम शांतता झाली. ज्या माणसाच्या नोकरीचा आम्ही लहानपणापासून अभिमान सांगत आलो, तोच असं म्हणत होता. त्या रात्री मी या दोन भावंडांची कुंडली वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते मिग-२१ पासून. सोव्हिएत रशियाने हे विमान बनवण्याचा परवाना चीनला १९६१ मध्ये दिला. पण लगेच दोघांचं बिनसलं. काही सुटे भाग आणि अर्धवट कागदपत्रं एवढ्यावर रशियाची मदत थांबली. जे कमी होतं ते चिनी इंजिनिअरांनी विमान उलगडून, मोजून, चुकत-माकत शोधून काढलं. जानेवारी १९६६ मध्ये त्यांचं जे-७ उडालं. पण पुढे सांस्कृतिक क्रांतीची धामधूम आली आणि मोठ्या संख्येने विमानं निघायला आणखी बरीच वर्षं गेली.

भारताने १९६२ मध्ये करार केला, १९६३ मध्ये पहिली मिग-२१ आली आणि १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहिला. आपल्याला सगळे नकाशे रीतसर मिळाले. एचएएलने सहाशेंहून अधिक मिग-२१ बांधली. पुढे आपण त्याच्यात नवं रडार आणि नवी उपकरणं बसवून 'बायसन' केलं. चीनने मात्र जे-७ ई मध्ये पंखाचा आकारच बदलला, त्यामुळे ते जास्त चपळाईने वळू लागलं. त्यांचं उत्पादन २०१३ पर्यंत चालू होतं.

सुखोईची कथाही अशीच. चीनने १९९२ पासून सुखोई-२७ विकत घेतली आणि १९९६ मध्ये २०० विमानं जुळवण्याचा करार केला. त्यांना नाव दिलं जे-११. साधारण निम्मी झाल्यावर त्यांनी रशियाकडून पुढचे सुटे भाग घेणं थांबवलं आणि स्वतःचं रडार, स्वतःचं इंजिन घालून जे-११ बी काढलं. रशिया चिडला, पण काही करू शकला नाही. दोन आसनी जे-१६ त्याच वंशातलं.

आपण १९९६ मध्येच सुखोई-३० एमकेआय घ्यायचं ठरवलं. त्यात रशियन सांगाडा, फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय उपकरणं. इंजिनाची तोंडं वळवता येतात, त्यामुळे हवेतल्या कसरतीत आपलं विमान सरस. रडारमध्ये मात्र आज जे-१६ पुढे आहे.

मग कॉपी करणारा शेवटी जिंकला का? तसंही नाही. चीनचं घोडं अडलं ते इंजिनापाशी. सांगाडा मोजून बनवता येतो, पण इंजिनातली टर्बाइनची पाती ज्या वायूत फिरतात तो पात्यांचा धातू वितळेल इतका तापलेला असतो. कोणता मिश्रधातू, कसा ओतायचा, थंड हवेसाठी बारीक छिद्रं कशी ठेवायची, हे सुटं केलेल्या इंजिनावरून समजत नाही. म्हणून चीनचं डब्ल्यूएस-१० इंजिन भरवशाचं व्हायला वर्षानुवर्षं लागली. तोवर जे-१० आणि सुरुवातीची जे-२० सुद्धा रशियन इंजिनांवरच उडाली.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसऱ्याचा कोड उचलून काम पटकन होतं हे मला ठाऊक आहे. तो कोड मध्यरात्री बंद पडला की काय होतं हेही ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबांबरोबर बागेत गेलो. आंबिया बहाराची संत्री पिवळी पडायला लागली होती. मी रात्री वाचलेलं सांगितलं. ते ऐकत एका झाडाच्या बुंध्याशी वाकले, डिंक्या लागला का ते पाहत होते.

"नकाशात माप राह्यते," ते म्हणाले, "पण तेच माप काहून, ते लिहिलेलं नसते. आम्ही विचारत नव्हतो, कारण विचाराची गरजच पडत नव्हती. अडलं की रशियाले लिहायचं. त्याईले कोणी उत्तर देत नव्हतं, म्हणून त्याईले शोधा लागलं." मग बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "वरचा डोळा संत्र्याचा, खालचा खुंट जंबेरीचा. लोक फळ पाहतात. झाड किती वर्षं टिकन, ते खुंट ठरवते. विमानाचा खुंट म्हणजे इंजिन."

मला आठवलं, आपल्या तेजसमध्येही इंजिन अमेरिकेचं आहे. कावेरी इंजिनाचं काम १९८० च्या दशकात सुरू झालं, पण ते तेजसला पुरेल एवढं बळकट झालं नाही. सुखोईची इंजिनं ओडिशात कोरापुटला बनतात. २०२४ मध्ये सरकारने अशी २४० इंजिनं मागवली, त्यात देशी भागांचं प्रमाण वाढवत ६३ टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं आहे. राहिलेलं अजून बाहेरून यायचं आहे.

"मंग तुमचं काम वाया गेलं का?" मी भीतभीतच विचारलं.

"वाया कसं जाईन? त्याच कारखान्यातून आता तेजस निघालं ना! हात तयार झाले आमचे. आता डोकं तयार करा लागन, अन् त्याले वेळ द्या लागन. मधात सोडून नाही चालत."

घरी परतल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, बीईला कोणती ब्रँच घेऊ? सगळे कॉम्प्युटर म्हणतात." मी स्वतः कॉम्प्युटरवालाच, काय सांगणार? मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते सुपारी कातरत म्हणाले, "धातूशास्त्र असते ना रे एक? ते पाह्य."

भाच्याने मोबाईलवर शोधायला घेतलं. नागपूरच्या व्हीएनआयटीत तो विषय आहे, हे त्याला त्या दिवशीच कळलं.