आमची नागपूरची सहल

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मित्र अकोल्याहून रेल्वेने नागपूरला गेलो. प्रथम शून्य मैलाचा दगड पाहिला. तेथे एक उंच दगडी खांब व चार घोडे आहेत. नंतर १८६३ साली स्थापन झालेले संग्रहालय पाहिले. लोक त्याला 'अजब बंगला' म्हणतात.

फिरून भूक लागली. एका गाडीवर तर्री-पोहे मिळत होते; पण मराठीत बोलायला सगळेच लाजत होते. शेवटी मी धीर केला. "काका, चार प्लेट पोहे द्या. तर्री कमी घाला."

काका हसून म्हणाले, "छान मराठी बोलता रे, पोरांनो!"

१९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी आम्हांला पाहायची होती. वाटेत आम्ही चौघांनी पाळीपाळीने मराठीतच रस्ता विचारला.