दादा कोंडके आपले होते, आहेत!

दादा कोंडकेंचं नाव काढलं की काही जण डोळा मारून हसतात आणि काही जण नाक मुरडतात. 'द्विअर्थी' म्हटलं की विषय संपला! आम्हा हिंदमाता-नायगाव-लालबागवाल्यांना इतक्या स्वस्तात त्यांना निकालात काढता येत नाही, मंडळी.

कृष्णा खंडेराव कोंडके. जन्म 1932 चा, नायगावच्या चाळीतला. घर गिरणी कामगाराचं. बँडमध्ये वाजवलं, अपना बाजारमध्ये नोकरी केली, सेवा दलाच्या कलापथकात तयार झाले. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने त्यांना महाराष्ट्रभर नेलं. त्या वगात ते रोजच्या राजकारणावर ऐनवेळी कोट्या करायचे, पुढारी कुठल्याही पक्षाचा असो. 1969 साली भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून पडद्यावर आले.

मग 1971 चा 'सोंगाड्या'. दादरच्या कोहिनूरमध्ये तो लागायचा होता, पण तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरलं. दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले, तेव्हा कुठे 'सोंगाड्या' लागला. आणि असा चालला की विचारू नका! पुढे 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार'... ओळीने 9 चित्रपटांचे रौप्यमहोत्सव. गिनीज बुकात नोंद झाली.

हे पिक्चर डोक्यावर घेतले कुणी? माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर आत, नाहीतर घरी. ते म्हणायचे, "मुकादमाला जे तोंडावर बोलता येत नव्हतं, ते दादा पडद्यावर बोलायचा." ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, चेहऱ्यावर भोळा भाव, आणि शेवटी फजिती व्हायची ती शहाण्यांचीच. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला ते हसू लगेच कळायचं. काही विनोद बायकांच्या अंगावर जायचे, ते आज खटकतात आणि खटकायलाच हवेत. पण तेवढ्यावरून अख्खा माणूस मोडीत काढायचा?

1982 च्या संपाने गिरणगावाचं कंबरडं मोडलं. 1998 साली दादा गेले. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. भारतमाता टिकावं म्हणून कलावंतांना आणि रसिकांना रस्त्यावर यावं लागलं.

आणि मराठी पिक्चरला थिएटर? 2015 साली सरकारला मल्टिप्लेक्सना सांगावं लागलं की संध्याकाळी मराठी चित्रपट दाखवा. त्यावरही ओरड झाली आणि वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी सैल झाली. परवा मी इथल्याच एका मल्टिप्लेक्समध्ये मराठी पिक्चर बघायला गेलो, तर दिवसभरात एकच शो, तोही सकाळी पावणेदहाचा! कामावर जाणाऱ्याने कधी बघायचा?

'सोंगाड्या'ला दार उघडून दिलं ते आंदोलनाने, हे खरंच. पण एकदा दार उघडल्यावर आठवड्यामागून आठवडे थिएटर भरलं ते तिकीट काढणाऱ्या माणसाने. आंदोलन रोज होत नाही, तिकीट रोज काढता येतं. तेव्हा मोबाईलवर येईल म्हणून थांबू नका. पहिल्या शुक्रवारी जा, घरच्यांना घेऊन जा. आणि शो अवेळी असेल तर खिडकीवर जाऊन मराठीत विचारा, "संध्याकाळचा का नाही?"

पटलं तर पुढे पाठवा.