अक्षरे आणि सायकल

साक्षरतेचा प्रसार म्हटला की आम्हां पदवीधरांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: मिणमिणता कंदील, पाटी, आणि तिच्यावर कष्टाने 'ग' गिरवणारी एखादी प्रौढ स्त्री. ह्या चित्रात दात्याची जागा आपली असते, म्हणूनच ते आपल्याला इतके प्रिय! परंतु अक्षरे दिली म्हणजे ती टिकतातच असे नाही. आमच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाई एके काळी रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. पुढे सारे विसरल्या. आम्ही कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाचू काय, सर? मला कुनी पत्र धाडतंय व्हय?" ह्या प्रश्नाला आमच्या ग्रंथसंग्रहात उत्तर नव्हते.

ते तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात सापडते. हा मुलूख कोरडवाहू आणि दरिद्री. तेथे १९९१ साली 'अरिवोळी इयक्कम', म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ, सुरू झाली. शिकवणारे स्वयंसेवक बिनपगारी. शिकणाऱ्यांत स्त्रियाच फार, कोणी शेतमजूर, कोणी खाणीत दगड फोडणाऱ्या. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ह्या चळवळीत एक अजब विषय घातला: सायकल चालविणे! सायकलींसाठी बँकांची कर्जे मिळवून दिली गेली. कार्यकर्त्यांनी सायकलीवर गाणी रचली. सत्तर हजारांहून अधिक स्त्रियांनी जाहीर मेळाव्यांत सायकल चालवून दाखविली, असे पत्रकार पी. साईनाथ यांनी नमूद केले आहे.

अक्षरांचा आणि सायकलीचा संबंध काय, असे कोणी पंडित विचारील. संबंध सरळ आहे. जिला बाजाराला जायचे तर एस.टी.ची किंवा नवऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते, तिने पाटी वाचून जायचे कोठे? सायकलीने तिला जाण्यासाठी ठिकाण दिले. मग त्या ठिकाणची पाटी, तेथला भाव, तेथली पावती हे सारे वाचणे ओघानेच आले. ह्याच जिल्ह्यात स्त्रियांच्या गटांना दगडखाणींचे पट्टेही देण्यात आले. ठेकेदाराचा हिशेब ठेकेदाराने ठेवावा; पण खाण आपली झाली की बेरीज स्वतःला यावीच लागते.

तात्पर्य, अक्षराला काम हवे. काम नसले की ते पडीक नांगरासारखे गंजते. सरकार साक्षरांची मोजदाद करीलच. सुशिक्षित घरांना करण्याजोगे काम त्याहून लहान आहे, पण ते उद्याच करता येईल. पगाराची आणि खाड्यांची वही आपल्या घरी असते, आणि ती नेहमी आपल्याच हस्ताक्षरात असते. आम्ही ती आता बाईंच्या हाती दिली आहे. आकडे वाकडे येतात, दोन मिनिटे अधिक लागतात. पण महिनाअखेर बेरीज त्या स्वतः मांडतात आणि मग पैसे मोजून घेतात.