थंडीची वाट

आम्ही नागपूरच्या वस्तीतली पाच-सहा पोरं हवामानाची वेडी. दसरा सरला, पाऊस परतला, की रोज किमान तापमानाचा आकडा बघायचा. आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा, की आम्ही खूश! दिवाळीआधी पारा उतरेल का, यावर चहाची पैज.

पारा १० अंशांवर वा खाली आणि सरासरीहून साडेचार अंश घसरला, की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. पण तो आकडा चारेक फुटांवरच्या पांढऱ्या पेटीतला. आमच्या डोक्यावर पत्रा. निरभ्र रात्री तो भराभर गार होतो.

एकाच्या आईने विचारलं, "पोरांनो, नक्की कधी पडणार रे? बाळंतीण घरात आहे, गोधडी शिवायची राहिली."

तेव्हापासून पैज बंद. अंदाज आला, की आधी घरोघर सांगतो.