रमाबाईंनी कुणाचं ऐकलं?

इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांचा पंडिता रमाबाईंवर जीव होता, आणि रमाबाईंनी त्यांच्या नाकी नऊही आणले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला तो याच मठाच्या आश्रयाला असताना. पत्रांतून त्या सिस्टरना ‘आजीबाई’ म्हणत. पण पुढची दोन-तीन वर्षं या आजीबाई आणि त्यांची मानसकन्या पत्रापत्री भांडत राहिल्या. भांडणाचं मूळ एकच: ख्रिस्ती बाईने आज्ञा पाळायची ती नेमकी कुणाची?

तंट्याचे विषय वरवर पाहता किरकोळ होते. रमाबाईंनी धर्म बदलला, ताट बदललं नाही. शाकाहार सोडायला त्या तयार नव्हत्या. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का चालत नाही, असा प्रश्न त्यांनी केला. सिस्टरना त्यात गर्व दिसला. खरं तर प्रश्न रास्त होता. लॅटिन ना रमाबाईंची भाषा होती, ना ख्रिस्ताची.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या, शिकवत होत्या. तिथे त्यांनी पुरुषांना शिकवावं का, यावर थेट लाहोर आणि मुंबईच्या बिशपांपर्यंत मतं मागवली गेली. दोघांनीही नापसंती कळवली. हिंदुस्थानात भर सभेत पुरुषांपुढे व्याख्यानं दिलेल्या, शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिलेल्या बाईला हे रुचणं शक्यच नव्हतं. त्यांची भूमिका साधी होती. देवाने विवेक दिला आहे तो पाद्र्यांच्या स्वाधीन करण्यासाठी नाही. ख्रिस्ताचा शब्द मान्य, त्याच्या नावाने कुणीही काढलेला हुकूम मान्य नाही. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना समजून घेतलं, मठाला मात्र ते जड गेलं. हा सारा पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. तो वाचताना एक जाणवतं: यात अवज्ञा कुठेच नाही, धनी कोण याबद्दलचा मतभेद आहे.

गंमत अशी, की ख्रिस्ताचं ऐकायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना याच मठाच्या भगिनींनी दाखवलं होतं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी लंडनजवळ फुलम इथे निवारा चालवत. अशा बायकांची सेवाशुश्रूषा कुणी करू शकतं, हे रमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. एका भगिनीने उत्तरादाखल बायबलमधली ख्रिस्त आणि लोकांनी हलकी ठरवलेली शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची भेट वाचून दाखवली. रमाबाईंच्या आत्मकथनात या प्रसंगाला मोठी जागा आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच या त्रैक्याच्या सिद्धान्ताने त्यांना पुढे कित्येक महिने छळलं, ही गोष्ट मात्र त्यांना तिथल्या तिथे पटली.

रमाबाई मायदेशी परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांची विधवा-मुलींसाठीची शाळा, शारदा सदन, सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी ती पुण्यात आली. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींचे सोवळ्याओवळ्याचे नियम त्यांचे त्यांना पाळू द्यायचे, असा करार होता, आणि रमाबाईंनी तो पाळला. मात्र सकाळी प्रार्थनेच्या वेळी स्वतःच्या खोलीचं दार त्या लावत नसत. मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात काहूर उठलं, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. दार लावून घेतलं असतं तर बरंच काही टळलं असतं. आपल्याच घरात आपण लपून प्रार्थना करावी हे त्यांना मान्य नव्हतं.

खरी परीक्षा घेतली दुष्काळाने. आईवडील आणि बहीण त्यांनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गमावली होती, त्यामुळे उपाशी पोर कशी दिसते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता. सरकारी बंदोबस्तामुळे नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, तेव्हा पुण्याजवळ केडगावला त्यांनी घेतलेली शेतजमीन कामी आली. तिथे आधी तंबू-झोपड्या, मग विहिरी, मग पक्क्या इमारती. प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीची आबाळ झाली, असं रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते खोडून काढलं, पण रमाबाई हटल्या नाहीत. बिशपांपुढे न वाकलेली बाई गव्हर्नरापुढे कशाला वाकेल?

केडगावच्या या वस्तीचं नाव मुक्ती सदन. १९०५ च्या जूनमध्ये तिथे मोठी धर्मजागृती झाली. पेंटेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार आजही केडगावचं नाव घेतात ते त्यासाठी. मला स्वतःला त्या दिवसांपेक्षा त्यांच्या मागचे-पुढचे दिवस महत्त्वाचे वाटतात: दीड हजारांवर तोंडांसाठी रोज दळण, घाणा, गोठा, हातमाग, धुणं, आणि अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी आणलेली ब्रेल लिपी. ‘कृपा सदन’ नावाचा वेगळा विभाग होता, तो फुलममध्ये पाहिलं तशाच स्त्रियांसाठी. धर्मजागृतीच्या काळातही दळणाला सुट्टी नव्हती.

आणि छापखाना. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते उमगत नाही, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळापासून भाषांतराला बसल्या. जिला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ पदवी दिली, ती बाई दीड तप आपल्याच वाक्यांतून संस्कृत शब्द वेचून काढत होती. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका, यंत्रावरही त्याच. मजकूर जुळला की मुद्रितं तपासायला पुन्हा बाईंकडे. कान जवळजवळ गेलेले. १९२१ मध्ये मनोरमा वारली तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

आपल्या पाठ्यपुस्तकांत रमाबाई समाजसुधारक म्हणून येतात, आणि ख्रिस्ती बाजू दोन ओळींत उरकली जाते. चर्चमध्ये त्या संतपदाला पोचतात, तिथे सिस्टर जेराल्डीनशी झालेली भांडणं गाळली जातात. दोन्हीकडे निम्मीच बाई सापडते. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस आता त्यांच्या स्मरणाचा आहे. ज्या चर्चच्या बिशपांचं त्यांनी ऐकलं नाही, तेच हे चर्च. आणि केडगावचं मुक्ती मिशन अजून चालू आहे.